मुंडनाचा गुण

थोरल्या करिष्माच्या डोक्यावर चाई पडली, रुपयाएवढ्या जागेतले केस गेले, तेव्हा वंदनाच्या सासूनं, कलाबाईंनी, आधी कांदा चोळला, मग लसूण. कातडी सोलली, पोरगी रडून अर्धी झाली. शेवटी वंदना तिला जळगाव जामोदला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि सांगितलं, ही चाई बहुधा आपली आपण भरते, धीर धरा. सासू मुंडन करा म्हणत होती, त्याचं विचारलं तर हसल्या. "केस उगवतो कातडीच्या आतून, वस्तरा फिरतो वरून. मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही." वंदनाला हे इतकं पटलं की एसटीत ती तेच घोकत आली.

घरी कोण ऐकतंय! आठवडाभरात करिष्माचं मुंडन झालं. वंदना मलम लावत राहिली आणि दिवाळीपर्यंत ती रुपयाएवढी जागा काळ्याभोर केसांनी भरली.

इथंच सगळं बिघडलं. गुण मलमाचा की नुसत्या दिवसांचा, देव जाणे. श्रेय मात्र वस्तऱ्यानं खाल्लं. कलाबाई गल्लीतल्या बायांना बोलावून नातीच्या डोक्यावर हात फिरवायला लावायच्या. आखूड केस हाताला राठ लागणारच, बाया म्हणायच्या, "काय दाट आले व माय!" लेक बरी झाल्याचा आनंदही वंदनाला धड करता येईना.

मग नजर छकुलीकडे वळली. आठ वर्षांची धाकटी. केस आईसारखेच मऊ, पातळ, पण कमरेपर्यंत. शाळेच्या संमेलनात तिचा नाच होता. वेणीत गजरा कुठं माळायचा, हे ती रोज आरशासमोर ठरवायची.

"हिचं जावळ एकदाच काढलं, म्हणून शेपटी अशी बारीक," कलाबाई म्हणाल्या. "उद्या कडूबा न्हाव्याले बोलवा."

"आत्याबाई, पातळ केस पातळच येतीन," वंदना सासूला म्हणाली. "डाक्टरीनबाई म्हनल्या..."

"करिष्माचं डोकं दिसत नाही काय तुले?"

पुरावा समोरच बसून भाकर खात होता.

वंदनानं नवऱ्याकडे पाहिलं. गजेंद्र भला माणूस, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नाही. "केसच तं हायेत," तो म्हणाला. "येतीन पुन्हा. काऊन वाद घालून राह्यली?"

सकाळी कडूबा ओसरीवर येऊन बसला. छकुलीला वाटलं, टोकं कापणार. वस्तरा दिसला तशी ती किंचाळून आईला बिलगली. "राहू द्या ना," वंदना म्हणाली. पुन्हा म्हणाली. कलाबाईंनी पोरीला ओढून पाटावर बसवलं. छकुली मान हिसडू लागली, तसा कडूबा थांबला.

"वहिनी, लेकरू हलून राह्यलं. वस्तरा लागन. धरा तिले."

वंदना खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिनं लेकीचं डोकं घट्ट धरलं.

"आई, सोड ना," छकुली म्हणत होती.

वंदनानं सोडलं नाही.