लाल झालं की फोन येतो

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी ती पेटी आमच्या घरी आली. पेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी काळी वस्तू, मागे भोकं आणि पुढे एक मिणमिणता दिवा. सोबत वायरींचं भेंडोळं आणि काडेपेटीएवढी चार पांढरी यंत्रं. पाठवणारा दादा, माझा थोरला भाऊ. तो इतका लांब राहतो की आमची संध्याकाळ ती त्याची सकाळ. तिकडे तो कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. इकडे आईला मी सांभाळते.

"चिमे, हा आपला घरचा सर्व्हर," तो फोनवर म्हणाला. पन्नाशीला आले तरी त्याच्यासाठी मी चिमीच. "आईची माहिती कुठल्या परक्या कंपनीकडे जायला नको. ह्याच्यावर आपण आपला डॅशबोर्ड टाकू. ती पांढरी यंत्रं चिकटवली की दार उघडलं, फ्रिज उघडला, न्हाणीघर उघडलं, गोळ्यांचा खण उघडला, सगळं मला इथे एका पानावर दिसेल."

"आणि दिसून काय होणार?"

"अगं, जिवाला जरा शांतता!"

कुणाच्या जिवाला, ते विचारायचं राहून गेलं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या, 'छान दिसतेय हो' म्हणायचं आणि घरी येऊन आईचं बघायचं. त्यात आता ही नवी उस्तवार. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर दादा सांगेल ते टाइप करायचं. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मला तेव्हा नीट कळलं.

"एंटर दाब."

"दाबला."

"काय आलं?"

"लाल अक्षरं."

"वाच ना मग."

"वाचू काय कपाळ? भराभरा पळाली वर!"

आई माझ्या मागे खुर्ची ओढून बसायची. केस विंचरून, बाहेर जायची साडी नेसून. पडद्याच्या कोपऱ्यात दादाचा चेहरा असायचा, तेवढ्यासाठी.

"बाळ, खाल्लंस का काही?"

"खाल्लं गं. चिमे, ती फाइल उघड. ओळीच्या आधी किती मोकळ्या जागा आहेत?"

"तीन."

"दोन हव्यात! तरीच. एक काढ."

"कानावरचे केस पिकले रे तुझे," आई म्हणाली.

"हो गं आई, पिकणारच. चिमे, काढलीस?"

कधी मोकळी जागा जास्त, कधी पासवर्ड चुकीचा, कधी पेटी आणि राउटर एकमेकांना ओळखच देईनात. दादा वैतागायचा, मी त्याच्यावर खेकसायचे, आणि आमच्या दोघांच्या मधे आई बोलत राहायची. शेजारणीची मांजर आमच्या माळ्यावर व्याली ते, माझ्या गुडघ्याचं, दादाने लहानपणी खडू खाल्ला होता ते. दादा हसायचा. एरवी वर्षाला एकदा, वाढदिवसाला, ह्याचा फोन, तोही 'मीटिंग आहे' म्हणून घाईत. आता तासतास समोर. त्या दिवसांत आई एक पोळी जास्त खायची.

शेवटी पान उघडलं. चार चौकोन, चारांत चार हिरवे ठिपके. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. संदेश दादाने स्वतः लिहिले. सकाळी ठरल्या वेळेत खण उघडला नाही तर ठिपका लाल आणि त्याच्या मोबाइलवर 'आईने गोळ्या घेतल्या नाहीत'. उघडला की 'आई ठीक आहे'.

"झक्कास!" तो म्हणाला. "आता काळजी मिटली."

दुसऱ्या संध्याकाळी आई साडी नेसून खुर्चीवर येऊन बसली.

"आज नाही का तुमचं ते कॉम्प्युटरचं?"

"झालं की आई. चालू झालं."

"झालं?" ती त्या बंद पडद्याकडे वळली. "मग पुन्हा बिघडव ना गं थोडंसं."

मी हसले. मला वाटलं गंमत करतेय.

मग एका सकाळी ती खरंच गोळ्या विसरली. ठिपका लाल झाला आणि तिकडे दादा ताटावरून उठून धावला. "आई, बरी आहेस ना?" चांगला अर्धा तास बोलला म्हणे. मी दुकानातून आले तर बाईसाहेबांचा चेहरा फुललेला.

"तुला एक सांगते," ती म्हणाली. "लाल झालं की फोन येतो."

त्यानंतर ती वरचेवर विसरायला लागली. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी घरातून निघते तेव्हा गोळ्यांची वेळ झालेली नसते. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठून बाहेर येते तर आई टेलिफोनशेजारी बसलेली. समोर पाण्याचा पेला तसाच भरलेला. खण बंद.

"आई, गोळ्या?"

"घेते गं. फोन येऊ दे आधी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या गोळ्या रक्तदाबाच्या. मागे दोनच दिवस चुकल्या तर न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती, कपाळावर अजून खूण आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढच्या वेळी कपाळावर भागणार नाही. आणि ही इथे जीव पणाला लावून बसलीये, कशासाठी, तर 'बरी आहेस ना' ऐकायला!

मी दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. स्पष्ट सांगितलं.

"आठवड्यातून दोनदा फोन कर तिला. विनाकारण. बाकी काही नको."

"अगं, पण मी रोज बघतो तिला."

"ठिपका बघतोस, मेल्या!"

तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. हे असं नाही चालणार. मी करतो काहीतरी."

मला भाबडीला वाटलं, डोक्यात शिरलं एकदाचं. त्या रात्री मी आईला म्हटलंसुद्धा, "दादा आता नेमाने फोन करणार आहे." आई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? त्याच्या मनात असतं गं, वेळ होत नाही."

केलं त्याने काहीतरी. पुढच्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होते, तेवढ्यात माझा मोबाइल थरथरला. 'आईने गोळ्या घेतल्या नाहीत.' मी जागच्या जागी दादाला फोन लावला.

"हां, ते मी तुझ्या नंबरवर वळवलंय," तो म्हणाला. "इथे जेवणाच्या वेळी सारखं वाजतं गं, बायको-पोरं वैतागतात. आणि तू जवळ आहेस, तुला धावता येतं. मी इथून काय करणार? तूच सांग."

"फोन, दादा. फोन करणार."

"चिमे, भावनेच्या भरात बोलू नकोस. प्रॅक्टिकल विचार कर."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मालक उठून उभे राहिले आणि गिऱ्हाईक चष्मा काउंटरवर ठेवून बाहेर गेलं. मी पर्स उचलली आणि घर गाठलं.

आई टेलिफोनशेजारी होती. साडी तीच, बाहेर जायची. पाण्याचा पेला भरलेला. खुर्चीचा हात तिने घट्ट धरला होता, आणि मला बघून म्हणाली, "तू कशी काय आत्ता? बरं झालं, बघ जरा, लाल झालंय का. आज उशीर झाला त्याला."

"झालंय लाल."

"मग येईल."

"नाही येणार, आई."

"तुला काय माहीत?"

"तो निरोप आता त्याला जात नाही. मला येतो. त्यानेच तसं केलंय." मी मोबाइल तिच्यापुढे धरला. "हा बघ. म्हणून तर आले धावत."

तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वर बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती मोठी निराशा होती, दार वाजल्यावर उघडावं आणि भलतंच कुणी असावं तशी.

"तुला येतो?" ती म्हणाली. "तुला येऊन काय उपयोग?"

मी तिला उठवायला हात पुढे केला.

तो न धरताच ती उठली. खण उघडला, गोळ्या काढल्या, पेल्यातल्या पाण्याबरोबर एकेक करून गिळल्या आणि साडी बदलायला आत गेली.

माझ्या हातातला मोबाइल थरथरला. 'आई ठीक आहे.'