कॅसेटमधली मनुबाई

"आय, बसा ना जरा! तुमच्या येरझारांनी मना चक्कर येतेय," मालू तांदूळ निवडता निवडता सासूला म्हणाली.

मनुबाई कसल्या बसतात! दुपारपासून त्यांचं ओटी ते दार, दार ते ओटी चाललं होतं. दोन गल्ल्या सोडून दामाजीच्या नातीची, तुळसाची, हळद होती आणि मनुबाईंना अजून बोलावणं नव्हतं. कोपरीच्या कोळीवाड्यातली धवलारीण म्हणजे मनुबाई. लग्नातला एकेक विधी त्यांच्या धवल्यावर, त्या विधीच्या गाण्यावर, चालायचा. त्यांनी गायल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागत नसे. तुळसाच्या आईची हळदही त्यांनीच गायलेली. पण धवलारणीला हातात पानसुपारी देऊन बोलवायची रीत. त्यावाचून ती सख्ख्या भावाच्या मांडवातही पाऊल ठेवत नाही.

"विसरले असतील. तुमी जा. आपलीच मानसं हायेत."

"पानसुपारीबिगर? मी काय जेवनाला हपापलेली हाय?"

तेवढ्यात दामाजीच्या मांडवातला लाउडस्पीकर खरखरला आणि गल्लीभर मनुबाईंचाच आवाज घुमला. मागे डिस्कोचा ठेका. बाईला वगळून तिच्या आवाजाला बोलावलं होतं. मनुबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि मालूने उगाच सुपातले तांदूळ पाखडायला घेतले.

हा सगळा भाच्याचा, कान्हाचा, उद्योग. शहाऐंशी साली त्याच्या डिस्को बँडने पहिली कॅसेट काढली आणि तिच्यात आत्याला गायला लावलं. नौपाड्यातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मनुबाई अडून बसल्या. "नवरी कुठं हाय? भिंतीला हलद लावू?" शेवटी गिटारवाल्या सहदेवला पाटावर बसवून त्याच्या गालांना हळद फासली, तेव्हा कुठे त्यांचा गळा उघडला. सहदेवचं लग्न अजून जमत नाही आणि त्याचं खापर तो मनुबाईंवर फोडतो.

खरी गडबड पुढे झाली. धवला चालतो रात्रभर, कॅसेटची बाजू संपते अर्ध्या तासात. कान्हाने सुरुवातीची हळद ठेवली, मधली कडवी गाळली आणि थेट पाठवणी जोडली. कॅसेट तुफान चालली. शहाडपासून शीळफाट्यापर्यंत बँजो पार्ट्यांनी जुने ठेके सोडून हाच धरला. कव्हरवर मनुबाईंचा फोटो होता. खोटं कशाला बोला, वर्षभर त्या हवेतच होत्या. पुढे बोलावणी कमी व्हायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, यंदा लग्नंच कमी असतील.

आता दोन वर्षांनी स्पीकरवर तोच आवाज हळदीवरून उडी मारून पाठवणीवर आला. मनुबाईंनी पदर खोचला.

"पोरीला अजून हलद नाय लागली, आन माज्या तोंडानं तिला घराबाहेर काढतान!"

"आय, पन बोलावनं..."

"ऱ्हाऊ दे बोलावनं!"

आयुष्यात पहिल्यांदा मनुबाई न बोलावता मांडवात शिरल्या. शरमेने त्यांचे कान तापले होते. दामाजीची बायको रखमाबाई हसत पुढे आली. "ये गो, ये! आमी बोललो, मनुबाय कॅसेटमधी हायेच, तिला कशाला तरास!" तिच्या बोलण्यात तसूभरही खोट नव्हती. तेच जास्त लागलं.

कान्हा बँड घेऊन तिथेच होता. आत्याला पाहून त्याला आनंदाचं भरतं आलं. "अरे, ओरिजनल आली! आत्या, माईक घे ना!"

"माईक नको. तो तुजा टेप बंद कर."

टेप बंद झाला. मनुबाई पाटावरच्या तुळसाजवळ बसल्या, हळदीत बोटं बुडवली आणि त्यांनी पहिलं कडवं उचललं. दुसऱ्या ओळीला पोरींनी सूर मिळवला, आणि मनुबाईंना वाटलं, चला, विसरल्या नाहीत पोरी. पण लगेच टाळ्या डिस्कोच्या ठेक्यावर पडू लागल्या. पहिलं कडवं संपलं आणि सगळ्या पोरी एका सुरात पाठवणीवर गेल्या. त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मधल्या कडव्यांत मनुबाई एकट्याच उरल्या. कान्हाला वाटलं, रंग भरला. त्याने बँडला खूण केली आणि ड्रम सुरू झाले. सगळा मांडव उठून नाचायला लागला.

मनुबाईंना रडू आलं. क्षणभर वाटलं, उठावं आणि घर गाठावं. पण तुळसाचा एकच गाल पिवळा झाला होता. त्या पुढे सरकल्या, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि गाळलेली कडवी एकेक करून म्हणू लागल्या. म्हणता म्हणता दुसऱ्या गालाला, हातांना, पावलांना हळद लावत गेल्या. तुळसा शहाण्यासारखी मान हलवत ऐकत होती. तिचा पाय मात्र ड्रमच्या ठेक्यावर हलत होता. मनुबाईंनी तो हलता पाय हातात धरला, त्यालाही हळद लावली आणि पुढचं कडवं म्हटलं.