कानांच्या बाहेर

गेलनने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि आधी कान पाहिले, शिंगं नंतर. हे त्याचं नेहमीचंच. शिंगांकडे आधी पाहिलं की माणूस हुरळतो आणि मग त्याला हवं तेच दिसू लागतं. कान बिचारे तटस्थ. या टेकड्यांमधल्या वयात आलेल्या हरणाच्या नराने कान टवकारले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोळा इंच भरतात. शिंगं त्यांच्या आत आहेत की बाहेर, आणि बाहेर असली तर किती, एवढं पाहिलं की निम्मं काम झालं.

दीडशे पावलांवर, हेझलच्या दाट झुडपांतून नुसतं डोकं वर काढून तो नर उभा होता. धड दिसत नव्हतं. कान ताठ होते आणि शिंगं दोन्ही अंगांना त्यांच्या बाहेर होती. तीन इंच इकडे, तीन तिकडे.

सोळा आणि सहा, बावीस. गेलनने पुन्हा मोजलं. पुन्हा बावीसच आले.

शेजारच्या खुर्चीवर लव्हर्नने रायफल मचाणाच्या खिडकीत टेकवली होती. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू त्याने तीनच आठवड्यांपूर्वी काढून घेतला होता आणि त्या डोळ्यातून सारखं पाणी येत होतं.

"काय रे मास्तर?" तो कुजबुजला. "कामाचा आहे का?"

गेलन दुर्बिणीचं चाक उगाच इकडून तिकडे फिरवत राहिला.

लव्हर्न त्याच्या थोरल्या बहिणीचा, अर्डिसचा नवरा. ही ऐंशी एकरांची टेकडी गेलनच्या वडिलांनी जाताना मुलगा आणि जावई दोघांच्या नावावर ठेवली आणि टेकडीबरोबर आपला नियमही ठेवला: शिंगं कानांच्या बाहेर नसतील तर गोळी झाडायची नाही. तेव्हापासून दोघे दर नोव्हेंबरात या मचाणावर बसत आले होते. एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेला गेलन पाहायचा आणि लव्हर्न झाडायचा. असं कुणी ठरवलं नव्हतं, ते होत गेलं. लव्हर्नच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आता नऊ डोकी होती. प्रत्येकाखाली पितळी पट्टी, पट्टीवर लव्हर्नचं नाव, तारीख आणि शिंगांचे इंच. ते इंच गेलनने मोजलेले असत, पण पट्टीवर तेवढी जागा नव्हती.

गेलनच्या वाट्याला मोठे नर आलेच नाहीत असं नाही. आले, आणि त्याचं मोजून होईस्तोवर निघूनही गेले. दुसऱ्यासाठी पाहताना त्याची नजर सुईसारखी चाले. स्वतःसाठी पाहायची वेळ आली की त्याच नजरेला शंभर शंका फुटत. दोनदा घाई केली आणि दोन्हीदा नेम चुकला. तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या सदऱ्याची मागची शेपटी कात्रीने कापून शेडच्या तुळईवर ठोकली गेली होती. कात्री दोन्ही वेळा लव्हर्नच्याच हातात होती.

हेही त्याने पचवलं असतं. पण चर्चच्या तळघरात शिकारीचं जेवण असे तेव्हा लव्हर्न खुर्ची मागे ढकलून सांगायला लागे, "मी पाहिलं, आणि झाडली." त्या 'मी पाहिलं'पाशी दरवर्षी गेलनचा घास हातातच राही. तो पाणी पिई आणि सगळ्यांबरोबर हसे.

"अरे बोल की," लव्हर्न म्हणाला. "जाईल तो."

"लहान आहे," गेलन म्हणाला. "अडीच वर्षांचा असेल. सोड."

लव्हर्नने रायफल खाली घेतली. 'नीट बघ' म्हणाला नाही, की आपण स्वतः आणखी एकदा पाहिलं नाही. त्याने खटका बंद केला, बाही डोळ्याला लावली आणि खिशातून चीजचं पाकीट काढलं. त्याने थोडी तरी हुज्जत घातली असती तर गेलनला बरं वाटलं असतं.

"वाढू दे म्हणायचं आणखी दोन वर्षं," लव्हर्न चीज चावत म्हणाला. "तोवर आपण टिकलो म्हणजे मिळवली. खातोस?"

"नको."

झुडपांतलं डोकं वळलं आणि नाहीसं झालं.

रविवारी दोघे दुपारपर्यंत बसले. गेलनच्या ध्यानात आलं, की आपण मनातल्या मनात 'येऊ नकोस, आज येऊ नकोस' असं घोकतो आहोत. नर आला नाही. सोमवारी सकाळी लव्हर्नला डोळा दाखवायला शहरात, ओ क्लेअरला जायचं होतं. गेलनला हे पंधरा दिवसांपासून ठाऊक होतं. शनिवारी 'सोड' म्हणताना ते आपल्या डोक्यात होतं का, असा प्रश्न त्याने स्वतःला रविवारी रात्री अंथरुणावर एकदा विचारला आणि कुशी बदलली.

सोमवारी पहाटे बर्फ भुरभुरून थांबला होता. मचाणावर एकट्याने बसल्यावर दुसरी खुर्ची फार मोठी वाटायला लागली. त्याने तिच्यावर थर्मास ठेवला. मग भिंतीचा विचार केला. त्याच्या घरी पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये हात-दीड हात रुंद जागा मोकळी होती. तिथे घड्याळ लाव, असं अर्डिस कितीदा म्हणाली होती. पितळी पट्टीवर काय कोरायचं हेही त्याने ठरवलं. नाव, तारीख, इंच. एवढंच. चर्चच्या जेवणात तो काही सांगणार नव्हता. कुणी विचारलं तरच.

सव्वाअकराला हेझलची झुडपं हलली.

तेच डोकं, तेच कान, त्यांच्या बाहेर पसरलेली तीच शिंगं. या खेपेला गेलनने मोजलं नाही. मोजायला लागलो की जाईल, हे एक वाक्य त्याच्या डोक्यात होतं, आणि चाप ओढल्यावर तेही उरलं नाही.

नर जागच्या जागी कोसळला.

गेलन मचाणाची शिडी उतरला. चेहऱ्यावर हसू आलंय हे त्याला कळत होतं आणि तिथे ते पाहायला कुणी नव्हतं. बर्फ तुडवत तो पुढे निघाला. जवळ जावं तशी शिंगं मोठी दिसायला हवीत. ही लहान होत चालली. शंभर पावलांवर त्याला वाटलं, डोकं वाकडं पडलंय म्हणून. पन्नास पावलांवर वाटलं, बर्फात रुतलंय म्हणून. मग वाटण्यासारखं काही राहिलं नाही.

गुडघे टेकून त्याने डोकं उचललं. ते हलकं होतं. मान बारीक, पाय लांबलांब, पोट आत गेलेलं, अगदी शाळकरी पोरासारखं. आणि कानांना टोकंच नव्हती. गेल्या वर्षीच्या जानेवारीत, सात रात्री उणे पस्तीस अंशांखाली गेल्या तेव्हा, हे पाडस असणार. टोकं गोठली आणि झडली. उरलेल्या थोट्या कानांच्या कडा बऱ्या होऊन अशा सारख्या झाल्या होत्या, की जन्मतःच तेवढे असावेत.

सवयीने त्याने खिशातली टेप काढली. कानाच्या थोटकापासून थोटकापर्यंत साडेदहा. शिंगांचा पसारा साडेचौदा. सोळा इंचांच्या कुठल्याही साबूत कानांच्या आत बसला असता. मोजायची पट्टीच तोकडी होती, आणि त्याने आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं, आधी आपली पट्टी तपासा.

अडीच वर्षांचा. लहान.

तो तिथेच बर्फावर बसून राहिला. डोंगरापलीकडून गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग लव्हर्न दोरी खांद्यावर टाकून, चढाला धापा टाकत, झुडपांतून बाहेर आला. डॉक्टरने दिलेला काळा चष्मा त्याने टोपीवर सरकवला होता.

"घराच्या फाटकाशीच आवाज ऐकला!" तो लांबूनच ओरडला. "एकच गोळी! म्हटलं, एक तर मास्तरने बाजी मारली, नाही तर मला कात्री शोधावी लागणार. अर्डिसला सांगून आलोय, आज—"

तो थांबला. जवळ येऊन त्याने खाली पाहिलं, बुटाच्या टोकाने शिंग हलवलं, आणि वाकला. कान बोटांत धरून पाहिले. जबडा उघडून अंगठ्याने दाढा चाचपल्या.

"कोऱ्या आहेत, झिजल्याच नाहीत," तो म्हणाला. "हा शनिवारचाच ना?"

"हो."

"अडीच वर्षांचा. तू म्हणालास तेवढाच." लव्हर्नने हात बर्फाला पुसले. "काय डोळा आहे रे तुझा! खरं सांगू? मला तर हा भला मोठा दिसला होता. नव्या डोळ्याने लख्ख दिसत होतं. डॉक्टर आज म्हणाला, विशीतल्या पोराचा डोळा झालाय. मला वाटलं, भिंतीवरच्या नवांच्या वर जाईल हा. बोट चापावर होतं माझं. पण म्हटलं, मास्तर नाही म्हणतोय ना, मग नाही."

गेलन टेपवरचा बर्फ नखाने खरवडू लागला.

लव्हर्नने खाली बसून दोरी शिंगांच्या बुडाशी गुंडाळायला घेतली. एक वेढा झाला, दुसरा झाला. मग त्याचे हात सावकाश झाले. गेलनला ते दिसलं. इतक्या वर्षांच्या शेजाराने माणसाच्या हातांचा विचार कळायला लागतो.

"मांसासाठी मारलास ना?" लव्हर्नने विचारलं. मान वर न करताच. "अर्डिस म्हणतच होती, सॉसेज संपत आलीत म्हणून. कोवळ्या नराचं चांगलं होतं."

पायवाट करून दिलेली होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात अर्डिस सुरीला धार लावील, लव्हर्न हसत हसत मास्तरच्या डोळ्याचा किस्सा सांगेल, आणि येत्या जेवणात चर्चच्या तळघरात साठ माणसं तो ऐकतील. लव्हर्न 'मास्तरने पाहिलं' म्हणेल. सगळ्यांसमोर, पहिल्यांदा.

गेलनने टेप गुंडाळून खिशात ठेवली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा काढली.

"नाही," तो म्हणाला. "मलाही तो भला मोठाच दिसला होता."

"केव्हा?"

"शनिवारी."

लव्हर्नने गाठ अर्धी मारली होती. ती त्याने पुरी केली, ओढून पाहिली, पुन्हा सोडली आणि पुन्हा मारली. त्याच्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते गेले तीन आठवडे येतच होतं. उठून त्याने दोरीचं एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं. दुसरं टोक तो नेहमी गेलनच्या हातात देई. आज त्याने ते बर्फावर ठेवलं आणि तोंड वळवून चढाकडे पाहत उभा राहिला.

गेलन वाकला.