शंभर टक्के वाचणारी शाळा

शाळा भरून अर्धा तासही झाला नव्हता, तोवर येडू दारात उभा. खांद्यावर घोंगडं, मागे त्याची लेक मायाक्का, आणि तोंडात एकच वाक्य, "बाई, हिचा दाखला द्या."

शिवलीलाबाईंच्या हातातला खडू हातातच राहिला. एक खोली, चार वर्ग, एकोणीस पोरं आणि एकट्या बाई. दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामी. पहिलीला अक्षरं गिरवायला लावावीत, दुसरीपुढे मणी मोजायला ठेवावेत, तिसरीला पाठ काढून द्यावा, की तोवर चौथीचे भागाकार अडलेच म्हणून समजा. त्यात सांगोल्याकडच्या या वस्तीवरची निम्मी घरं मेंढरांमागे जाणारी. येडूही दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन करमाळ्याच्या बाजूला जायचा, तो थेट जूनमध्ये परत. मायाक्का यंदा चौथीत आली होती.

"दाखला कशाला, येडूमामा? दुसऱ्या शाळेत घालताय का?"

"शाळाच बास झाली. सात कोकरं मारली हिनं."

मायाक्का पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या गालावर एक जुना वळ होता.

"मेंढरास्नी जंताचं औशद पाजायचं हुतं," येडू सांगू लागला. "दवाखान्यातल्या मानसानं कागदावर ल्हून दिलं, मोठ्या मेंढीला किती, कोकराला किती. मला कुटं वाचाय येतंय? पर म्हणलं, माजी लेक वाचती की! कशाला कुनाच्या पाया पडा? दिला कागद हिच्या हातात. ही बघून म्हणली, दहा मिली. सगळ्यास्नी दहा-दहा पाजलं. मागनं दवाखान्यात कळलं, कोकरास्नी दोनच हुतं, बाई. सांजपातुर सात आडवी."

मग तो जरा वरमून म्हणाला, "तुमचा काय दोस न्हाय. तुमी शिकीवलं. हिचंच ध्यान न्हवतं."

ते वाक्य बाईंच्या काळजात घुसलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं!

कारण बाईंना ठाऊक होतं. गेल्या दिवाळीच्या आधी वाचनाची पाहणी होती. कोण अक्षरावर अडतंय, कोण शब्दावर, कोण उतारा वाचतंय, त्याचा तक्ता संध्याकाळच्या आत वर पाठवायचा होता. अठरा पोरं आपापल्या इयत्तेपुरतं वाचून गेली. एकटी मायाक्का उरली. तिनं पुस्तक धरलं आणि असा काही खणखणीत पाठ म्हटला की पोरं बघत राहिली. पण पान संपलं, आणि पोरगी पान न उलटताच पुढच्या पानावरचं म्हणत गेली. एका खोलीत बसून वरच्या वर्गांचे पाठ ऐकून-ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. अक्षर एक येत नव्हतं.

बाईंनी ते पाहिलं, चांगलं डोळ्यांनी पाहिलं. मग स्वतःची समजूत घातली. पोरगी आठ दिवसांत मेंढरांमागे जाणार, आता कुठं हिला धरून बसू? परत आली की बघू. एकीसाठी शाळा शंभर टक्क्यांवरून खाली कशाला आणायची? अहो, माणसाला आपली लाज झाकायला कारणांचा काय तोटा! बाईंनी तिला 'शाब्बास' म्हटलं आणि 'उतारा वाचते' या रकान्यात बरोबरची खूण केली. शिवाय शाळेच्या फाटकात भेटलेल्या येडूला आपण होऊन सांगितलं, "वाचतेय की पोरगी, मामा!"

आता दाखल्याचं पुस्तक कपाटात होतं. लिहून दिला असता तर पाच मिनिटांत प्रकरण मिटत होतं. येडू राम राम करून गेला असता, पोरगी कायमची मेंढरांमागे लागली असती, आणि बाईंचं नाव कुणी घेतलं नसतं. बाई कपाटापर्यंत गेल्या, किल्लीही लावली. पण हात पुढे होईना. त्या तशाच वळल्या.

"मामा, चूक तिची नाही. तिला वाचता येतच नव्हतं. मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं, आणि तुम्हालाही खोटंच सांगितलं."

येडूला आधी उमगलंच नाही.

"मंजी, येत न्हवतं ते तुमास्नी ठावं हुतं?"

"होय."

येडू मटकन उंबऱ्यावर बसला. कोकरांचं त्यानं नावसुद्धा काढलं नाही. "मी हिला काठीनं मारलं, बाई," तो म्हणाला. "सात कोकरांपायी सात दिस बोललो न्हाय हिच्याशी." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचीही त्यांना शरम वाटली.

मग तो उठला. "दाखला ऱ्हाऊ द्या. घ्या हिला पैलीच्या पोरांत, काय लाज न्हाय त्येची. पर आता वाचती म्हणायच्या आदी मला बोलवा. मी समोर बसून बगणार."

बाईंनी मान हलवली. त्यांनी मायाक्काला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "बाळा, कागद वाचता येत नाही, असं आबांना सांगायचंस ना. दहा कशाला म्हणालीस?"

"आदल्या सालाला कोकरं न्हवती, तवा आबा दहाच म्हणलं हुतं. मी कागदाकडं बगून तेच म्हणलं." पोरीनं पहिल्यांदाच मान वर केली. "पुस्तकाकडं बगून ऐकल्यालं म्हणलं, तवा तुमी शाब्बास म्हणला की, बाई. मला वाटलं, वाचणं मंजी ह्येच."