हात साफ

सहीवाल्यांना गेली बावीस वर्षं सगळे सहीवाले म्हणूनच ओळखत होते. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. मुष्टियुद्धाच्या सामन्याआधी खेळाडूच्या हाताला बांधलेली पट्टी तपासायची, आत काही कडक दडवलेलं नाही ना हे बोटांनी चाचपायचं, समोरच्या खेळाडूचा माणूस साक्षीला असताना मोठ्याने ‘हात साफ’ म्हणायचं आणि पट्टीच्या टोकावर निळ्या पेनाने सही करायची, हे त्यांचं सुट्टीच्या दिवसाचं काम. एरवी ते चष्म्याच्या दुकानात काचा घासत. नजर बारीक, हात स्थिर, आणि स्वभाव असा की घरातून निघताना गॅस बंद केला का हे तीनदा बघणार आणि जिन्यातून परत वर येऊन चौथ्यांदा.

‘हात साफ’ हा शब्दही गमतीचाच. बाहेर कुणी हात साफ केला म्हटलं की कुणाचं तरी पाकीट गेलेलं असतं, नाहीतर कुणाची तरी वाटी रिकामी झालेली असते. तपासणीच्या टेबलावर मात्र त्याचा अर्थ एवढाच, की या हातांवर पट्टीखेरीज काही नाही. सहीवाल्यांनी ही गंमत एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितली होती आणि दोघं पोट धरून हसले होते. आपण ती सांगायला नको होती, असं त्यांना आता सारखं वाटत होतं.

कारण येत्या रविवारी तोफ परत येणार होता.

तोफ हे वर्तमानपत्रांनी ठेवलेलं नाव. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताची अशी काही हवा होती की दोन वर्षांत मोठं पदक घरी येणार हे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. मग एका संध्याकाळी व्यायामशाळेबाहेर गाडी लावण्यावरून एका तरुणाशी त्याची बाचाबाची झाली. तोफने तीन ठोसे मारले. पहिल्याने तरुण मागे गेला, दुसऱ्याने खाली बसला, आणि तिसरा तो खाली असताना बसला. चार दिवसांनी रुग्णालयात त्याने प्राण सोडला. तोफला शिक्षा झाली, आठ वर्षं आत काढून तो बाहेर आला, आणि संघटनेने बराच काथ्याकूट करून त्याला एक सामना खेळायची परवानगी दिली. तो नीट पार पडला तर पुढचा परवाना मिळणार होता, काही कमी-जास्त झालं तर दार कायमचं बंद.

गेलेला तरुण काकूंचा मुलगा होता. एकुलता एक.

काकू तेव्हापासून एकट्याच राहत. न्हाणीघरात पाय घसरून पडलो तर कुणाला कळणारही नाही, म्हणून त्यांनी घराची दुसरी किल्ली सहीवाल्यांकडे दिली होती. सहीवाल्यांच्या जुडग्यात ती लाल दोरा बांधलेली किल्ली सहा वर्षं होती. दुकानातून येताना काकूंच्या दारावर दोन टकटका द्यायच्या, आतून ‘आहे हो भाऊ’ असं उत्तर आलं की मगच वर जायचं, असा शिरस्ता होता.

दुकानात आठवडाभर सगळ्यांना मतं फुटली होती. एका गिऱ्हाइकाचं म्हणणं, माणसाने शिक्षा भोगली म्हणजे विषय संपला, पोटापाण्याला त्याने काय करायचं? दुसऱ्याचं म्हणणं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्याला हवं ते काम द्या पण मारायचं काम देऊ नका. सहीवाल्यांना दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. मत देणाऱ्याला सही करावी लागत नाही. उद्या रिंगमध्ये काही विपरीत घडलं, तर चौकशीत पहिली निघणार होती ती निळ्या पेनाची सही.

बायकोने सोपा मार्ग सुचवला. पोटात दुखतंय म्हणून कळवा, दुसरे तपासनीस आहेत की. सहीवाल्यांनी फोन केला, तर दुसऱ्या तपासनिसाच्या पोटात आदल्या दिवसापासूनच दुखत होतं. तिसरा नव्हताच.

शनिवारी जिन्यात काकू भेटल्या. भाजीची पिशवी त्यांनी पायरीवर टेकवली आणि रविवारी तुम्हीच आहात का, असं विचारलं. सहीवाल्यांनी मान हलवली. आता त्या काहीतरी मागतील, सही करू नका म्हणतील, आणि मग आपण काय बोलायचं, याची त्यांनी मनात जुळवाजुळव सुरू केली. काकूंनी काहीच मागितलं नाही.

“म्हणजे त्याचे हात साफ आहेत, असं तुम्ही म्हणणार,” त्या म्हणाल्या.

“काकू, तो नुसता शब्द असतो.”

“माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतंत.” त्यांनी पिशवी उचलली. “दोन ठोसे रागाचे होते असं मी मनाला समजावते, भाऊ. माणसाला राग येतो. तिसऱ्याचं मला कुणी समजावून सांगत नाही. त्याचे हात तुमच्या हातात येतील. बघून मला सांगा.”

काय बघून सांगायचं, हे विचारायचा धीर सहीवाल्यांना झाला नाही.

रविवारी दुपारी ते वेळेच्या तासभर आधी क्रीडागृहात पोचले. तपासणीची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. तिरकं छत, एक लांब टेबल, भिंतीवर घड्याळ, पाणी गळून गळून पिवळा पडलेला एक कोपरा. वर लोक येऊन बसत होते आणि त्यांच्या पावलांनी छत दणदणत होतं. सहीवाल्यांनी पेन चालतं का ते कागदावर तीनदा बघितलं. गोल टोकाची कात्री पुसली, परत पुसली.

तोफ आत आला तेव्हा त्यांना आधी ओळखूच आला नाही. खांदे तेच होते, पण डोक्यावरचे केस मागे हटले होते आणि माणूस दारातून आत यायलाही परवानगी मागत होता. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण होती. कपडे शिवून घर चालवणारी ही बाई पूर्वीपासून भावाच्या पट्ट्या स्वतः बांधायची, एवढं सहीवाल्यांना आठवत होतं. आत्ताही तिनेच बांधल्या होत्या. समोरच्या मुलाचा प्रशिक्षक साक्षीदार म्हणून हाताची घडी घालून भिंतीशी उभा राहिला.

तोफने हात टेबलावर ठेवले.

सहीवाल्यांनी डावा हात चाचपला. मग उजवा. आणि त्यांची बोटं उजव्या मुठीच्या हाडांवर थांबली. कापडी पट्टीच्या वर, नेमकी जिथे मूठ समोरच्याच्या तोंडावर आदळते तिथे, चिकटपट्टीचा एक आडवा थर होता. साध्या डोळ्याला दिसणार नाही इतका सफाईने बसवलेला. असा थर घामाने आवळतो आणि कडक होतो. त्याने भुवई फाटते, कधी त्याहून जास्त होतं.

म्हणजे आलाच हा मूळ पदावर, त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांना हायसंही वाटलं. आता शब्द उच्चारायला नको, सही करायला नको, जिन्यात तोंड चुकवायला नको. पट्टी गैर निघाली तर खेळाडूला बाद करायचं की पुन्हा बांधायला लावायचं, हे तपासनिसाच्या मर्जीवर होतं. एक फुली मारली की काम झालं.

त्यांची बोटं थांबली तसं प्रशिक्षकानेही ते हेरलं होतं. “मुठीवर चिकटपट्टी आहे,” तो म्हणाला. “बाद करा. आणखी काय बघायचं राहिलंय?”

तोफने बहिणीकडे बघितलं, आणि बहीण गोंधळून सहीवाल्यांकडे बघत राहिली.

“पण एक थर चालतो ना, दादा?” ती म्हणाली. “मी नेहमी एकच लावायची. तुम्हीच सही करायचा त्याच्यावर.”

सहीवाले कात्री हातात धरून तसेच बसले. बाई खोटं बोलत नव्हती. एक थर पूर्वी चालायचा. हा नियम बदलून पाच वर्षं झाली होती. नव्या मुलांना ते पहिल्या दिवशी शिकवतात, पण हिला कोण शिकवणार? हिचं घड्याळ भाऊ आत गेला त्या दिवशीच थांबलं होतं. नऊ वर्षांपूर्वी जशी बांधली तशीच पट्टी तिने आज मन लावून बांधली होती. एखाद्या नवख्या मुलाची अशी चूक झाली असती तर आपण काय केलं असतं, हे सहीवाल्यांना पक्कं माहीत होतं. गेल्याच महिन्यात एकाला चार शब्द सुनावून त्यांनी पुन्हा बांधायला लावली होती आणि वर पाठीवर थापही दिली होती.

घड्याळात सामन्याला अकरा मिनिटं उरली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

त्यांनी कात्री घातली. पट्टी सोलून काढली आणि नवी गुंडाळी बहिणीपुढे सरकवून नियम सांगितला. बाईने सुरुवात केली, पण तिची बोटं इतकी कापत होती की पट्टी दोनदा सुटून टेबलाखाली घरंगळली. सात मिनिटं उरली. तपासनिसाने स्वतः बांधू नये असा नियम नव्हता, पण तशी रीतही नव्हती. सहीवाल्यांनी प्रशिक्षकाला जवळ येऊन नीट बघायला सांगितलं आणि गुंडाळी स्वतःच्या हातात घेतली.

तेव्हा तो उजवा हात प्रथमच उघडा त्यांच्या हातात आला. हात थंड होता आणि थरथरत होता. त्यांनी अंगठ्याने मनगट दाबून धरलं तरी थांबेना. याच हाताने काकूंचं घर रिकामं केलं, हे ते विसरू शकत नव्हते, आणि पट्टी सैल बांधली तर याची बोटं मोडतील, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी पट्टी घट्ट बांधली. मनगटाला तीन वेढे, बोटांच्या मधून एकेक, मुठीवर नुसतं कापड. मग पेन उघडलं.

“पट्टी साफ,” ते म्हणाले.

“शब्द तो नाही,” प्रशिक्षक म्हणाला. माणूस कायद्यावर बोट ठेवून होता आणि त्याचं चूक नव्हतं.

सहीवाल्यांनी पेनाचं टोपण परत लावलं आणि परत काढलं. वर छत दणदणत होतं. तोफने मान खाली घातली होती, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर तो उठून निमूट गेला असता, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

“हात साफ,” ते म्हणाले, आणि सही केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती सही वाकडी आली.

सामना बघायला ते कधीच थांबत नसत. आज पाय निघेना. दाराशी उभं राहून ते बघत होते, आणि प्रत्येक ठोशाला त्यांचे स्वतःचे दात आवळले जात होते. तोफ जड झाला होता, धापा टाकत होता, तरी दोन फेऱ्या त्याने निभावल्या. तिसऱ्या फेरीत त्याने त्या पोरसवद्या खेळाडूला दोरांशी गाठलं. एक ठोसा बसला. पोराचे हात खाली आले. दुसरा बसला, पोराचे गुडघे लवले. सहीवाल्यांनी डोळे मिटून घेतले. लोक ओरडत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा तोफचा उजवा हात वर उचललेला होता, आणि तसाच होता. तिसरा ठोसा आला नाही. तो दोन पावलं मागे सरकला. पंचांनी त्याला लढायची खूण केली, तरी तो लांबच राहिला. पोरगा सावरला, आणि सामना गुणांवर हरून तोफ खाली उतरला. सामना नीट पार पडला होता, म्हणजे परवान्याचं दार उघडं राहिलं.

सहीवाल्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. परतीच्या वाटेवर बसमध्ये ते एकच वाक्य मनात घोळवत होते. तिसरा मारला नाही, काकू. त्याने तिसरा मारला नाही. हेच तर त्यांना ऐकायचं होतं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. बिचारे सहीवाले, काचेतला ओरखडा त्यांना बरोबर दिसायचा.

त्यांनी दारावर दोन टकटका दिल्या. काकूंनी आतून उत्तर न देता दारच उघडलं.

“म्हणालात?”

“म्हणालो.”

“कसे होते हात?”

“थरथरत होते, काकू. फार.” आणि मग त्यांना राहवेना. दोरांपाशी काय झालं, दोन ठोसे कसे बसले, हात कसा वरच्या वर राहिला, हे सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. काकू दाराची कड धरून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला, आणि सहीवाल्यांची जीभ अडखळायला लागली.

“म्हणजे थांबता येतं त्याला,” काकू म्हणाल्या.

सहीवाल्यांनी खिशातलं निळं पेन उगाच चाचपलं.

“कुणी सांगेना म्हणून इतकी वर्षं मीच म्हणत होते, तिसरा त्याच्या हातात नव्हता. तसं म्हटलं की झोप तरी लागायची.” त्यांनी दाराची कड सोडली. “तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. दुसरं काय करणार होतात तुम्ही? पण तुमची टकटक ऐकली की मला तोच शब्द ऐकू येईल. ती किल्ली मला परत द्या.”

“काकू, तुम्ही एकट्या असता. रात्री-अपरात्री काही झालं तर?”

“द्या.”

त्यांनी जुडगा काढला. लाल दोऱ्याची किल्ली लगेच सापडली, पण कडीत नख शिरेना. बावीस वर्षं न हललेली त्यांची बोटं दोनदा निसटली. काकूंनी घाई केली नाही. दारात उभं राहून त्यांनी हात पुढे धरला होता, तळवा वर करून, आणि किल्ली निघेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.