चुंबकाच्या खोलीतलं कडं

तपासणी करणाऱ्या मैथिलीनं छोटं चुंबक दगडू आजोबांच्या कड्याला टेकवलं आणि बोट काढून घेतलं. चुंबक चिकटलं नाही, सरळ लादीवर पडलं.

"चांदीच हाय बाय, मना ठाऊक नाय का?" आजोबा म्हणाले.

"खात्री करावी लागते, आजोबा. निघत नाही का ते?"

"हातासंगंच निंगंल."

एमआरआयच्या खोलीत धातू न्यायचा नाही, हा घोडबंदर रोडवरच्या त्या तपासणी केंद्राचा नियम. पण सात वर्षांची संचिता आजोबांशिवाय त्या यंत्राजवळ जायला तयार नव्हती, आणि भोकाड पसरलेल्या पोरीपुढे नियमाचं काय चालणार! महिन्याभरात ती दोनदा शाळेत चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांना डोक्यात गाठीची शंका होती. बाळकुमहून निघताना आजोबांनी नातीला फोटो काढायचाय, एवढंच सांगितलं होतं.

मैथिलीनं कड्यावर कापड गुंडाळलं, संचिताच्या कानांवर हेडफोन चढवले आणि तिला यंत्राच्या पोकळीत सरकवलं. नातीच्या पोटावर थोपटायला आजोबांनी हात आत घातला आणि ते थिजले. कुणीतरी मनगट धरलं होतं. जोर कसला नव्हता. जत्रेत लहान मूल धरतं, तसं. त्यांनी हात मागे घेतला, तर मागेही येऊ देईना.

"बाय, आत कोन हाय?"

मैथिलीला हसू आलं. तिनं ॲल्युमिनियमचा पत्रा आणून पोकळीच्या तोंडाशी उभा केला आणि सोडला. पत्रा आपटला नाही. काकवीत बुडावा तसा सावकाश आडवा झाला.

"चुंबक या पत्र्याला ओढत नाही, तसं चांदीलाही नाही, आजोबा. पण चांदी इथे हलली की तिच्यात वीज फिरते, आणि ती वीज त्या हलण्यालाच अडवते. येणाऱ्याला अडवते, तशी जाणाऱ्यालाही."

"जानाऱ्याला बी?"

"हो. हात स्थिर ठेवलात की काही होत नाही."

आजोबा कड्याकडे बघत राहिले.

"माज्या आदी दोन पोरां गेली, बाय. एक भाव, एक बयीन. मंग आयेनी माजं नाव दगडू ठेवलं. दगडाला कोन नेतंय? त्यांच्या पायातले वाळे आटवून माज्या लग्नात हे कडं केलं. बोलली, कवाच काढू नको."

मैथिली काचेपलीकडच्या खोलीत गेली आणि तिनं तपासणी सुरू केली. यंत्र ठकठक करू लागलं. पडद्यावर एकेक चित्र उमटत गेलं. डोक्याच्या मागच्या बाजूला चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता. पुढच्या चित्रात तो मोठा झाला. असलं काही नातेवाइकांना सांगायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. काचेतून आजोबा दिसत होते, संचिताच्या पोटावर हात ठेवून पुतळ्यासारखे उभे.

ठकठक थांबल्यावर ती आत गेली.

"मी जरा बी हललो नाय, बाय," आजोबा दबक्या आवाजात म्हणाले. "तू बोललीस तसाच हात ठेवला. तरी धरलाय."

म्हातारा हात, थरथरत असेल. मैथिलीनं मनगटावर बोटं ठेवली. हात दगडासारखा स्थिर होता. यालाही काहीतरी कारण असणार, हे तिला कळत होतं, आणि ते सांगायला तिनं तोंडही उघडलं. आत हेडफोन लावलेली संचिता स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

"आजोबा," मैथिली म्हणाली, "हिलाही धरून ठेवायला सांगा त्या दोघांना."