दातांचा डॉक्टर असलेलं गाव

डॉक्टरांनी दवाखाना विकून डोंगरातल्या एखाद्या छोट्या गावात राहायला जायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा थोरला भाऊ म्हणाला, "दुरून डोंगर साजरे."

"मला दुरूनच बघायचे आहेत," डॉक्टर म्हणाले.

हा विनोद नव्हता. डॉक्टर दातांचे होते. पेशंटच्या कोपराशी, त्याच्याकडे तोंड करून उभं राहून ते आयुष्यभर वीतभर अंतरावर पाहत आले होते, तेही दुसऱ्याच्या तोंडात. त्यामुळे त्यांची मान उजवीकडे कलली ती तशीच राहिली. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ती सरळ आहे, मुलीच्या लग्नाच्या फोटोत नाही. आता त्यांना एक खिडकी हवी होती आणि खिडकीत काहीतरी लांबचं. दाढ एकही नको होती.

त्यांच्या पत्नी दवाखान्यात काउंटरला बसत. पेशंट त्यांना वहिनी म्हणत, नंतर गल्लीही म्हणू लागली. वहिनींची अट निराळी होती. "डोंगर हवाच," त्या म्हणाल्या, "पण डोंगर काही बोलत नाही. बोलायला माणसं हवीत."

पहिल्या गावात ते एका घरगुती लॉजवर उतरले. मालकाने विचारलं, काय काम करता? वहिनींनी खरं ते सांगितलं. चहा येण्याआधी मालकाची सासू खाली आली आणि डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून, आ करून बसली. दातांचा सर्वात जवळचा डॉक्टर खाली दरीत होता, बसने अर्ध्या दिवसावर. दुपारपर्यंत व्हरांड्यात बाक मांडले गेले. डॉक्टरांनी बाहेर डोकावलं तर वहिनी हातवारे करत उभ्या.

"काय करतेयस?"

"रांग लावतेय. नाहीतर भांडतील."

संध्याकाळच्या बसने दोघं निघाले.

दुसऱ्या गावात डॉक्टरांनी आपण विम्याच्या धंद्यात होतो असं सांगितलं. लॉजमालकाला एकदम आठवलं की गॅसवर दूध आहे. घर दाखवायला येणाऱ्या माणसाने नुसती किल्ली पाठवून दिली. डॉक्टर दोन दिवस गॅलरीत बसून डोंगर बघत होते आणि त्यांना त्या गावात काहीही कमी वाटलं नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला," ते म्हणाले.

"तुमचा गेला. मला इथे एका माणसाने फक्त 'मीठ द्या' म्हटलंय. आणि मीठ घेऊन तो दुसऱ्या टेबलावर गेला."

त्यामुळे निकष बदलला. देखावा, हवा, पाणी हे सगळं नंतर. ज्या गावात दातांचा डॉक्टर आधीच आहे तेच गाव बघायचं.

"आणि ठणठणीत असला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "आज आहे आणि उद्या नाही, असला नको."

तिसऱ्या गावात उतरती छपरं होती, एक बेकरी होती आणि चढावरच्या शेवटच्या पिवळ्या घरावर मुळांसकट दाढेचं चित्र रंगवलेली पाटी होती. डॉक्टर पाटीखाली बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तू पेशंट हो."

"माझे दात चांगले आहेत."

"म्हणूनच. चांगल्या दातात जो कीड काढून दाखवेल, तो चोर. चोराच्या गावात राहायचं नाही."

आतला डॉक्टर पन्नाशीचा, चांगलाच उंच होता. वहिनी खुर्चीत रेलल्या आणि बोलता बोलता गप्प झाल्या. समोर भिंतभर खिडकी होती आणि खिडकीत अख्खी डोंगररांग, पायथ्यापासून बर्फापर्यंत. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय.

"डावीकडे, वर, मागून दुसरी," उंच डॉक्टर म्हणाले. "कीड आहे. जुनी आहे."

डॉक्टर स्वतःला विसरले. त्यांनी उंच डॉक्टरांच्या हातातला छोटा आरसा काढून घेतला, वाकले आणि पाहिलं. कीड होती.

"दिव्याखाली अंधार," तोंड मोकळं झाल्यावर वहिनी म्हणाल्या.

उंच डॉक्टरांनी आरसा धरलेल्या हाताकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या मानेकडे. "आता तात्पुरतं भरतो," एवढंच बोलले. "पक्कं नंतर होईल."

गाव ठरलं. उंच डॉक्टरांनी घर शोधून दिलं, घरमालकाशी स्वतः बोलले, सामान आलं त्या दिवशी गावातल्या प्लंबरच्या जोडीने कपाट चढावरून वर आणलं. प्लंबरला धाप लागली, उंच डॉक्टरांना नाही. हे आपल्या डॉक्टरांनी मुद्दाम बघून ठेवलं. "हा काही इतक्यात कुठे जात नाही," ते वहिनींना म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात उंच डॉक्टर चहाला आले आणि त्यांनी टेबलावर दवाखान्याची किल्ली ठेवली.

"माझी मान बघा," ते म्हणाले. ती डावीकडे कलली होती. ते डावखुरे होते. "आल्यापासून डोंगर माझ्या पाठीशी. पेशंट म्हणतात, काय देखावा आहे हो डॉक्टर. मी म्हणतो, असेल."

"मग गेला का नाहीत?"

"गावकरी जाऊ देतात होय? दुसरा येईपर्यंत थांबा म्हणाले. तुम्ही आरसा हातात घेतलात आणि मी त्या रात्री बॅग भरली."

"जाणार कुठे?"

"समुद्रावर."

"तिथे दातांचा डॉक्टर आहे?"

"आहे. तेच आधी बघितलं."

ते समुद्रावर गेले. किल्ली डॉक्टरांनी उचलली नाही. ती साखरेच्या डब्याला टेकून पडून राहिली, वहिनी टेबल पुसताना तिच्याभोवतीने पुसत. डॉक्टर खिडकीशी बसून लांब बघत राहिले.

मग एका सकाळी प्लंबर आला. त्याचा उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता. वहिनींनी त्याला आत बसवलं.

"अहो, निदान बघा तरी."

"बघतोय," डॉक्टर खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

प्लंबरही सभ्यपणे डोंगराकडे बघू लागला. मधूनच तो गिळायचा आणि गिळताना कण्हायचा. डॉक्टरांचा चहा निवला. मग ते उठले आणि त्यांनी किल्ली घेतली.

पिवळ्या घरात ते सवयीने खुर्चीच्या उजव्या अंगाला, पेशंटच्या कोपराशी, त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. वळून बघितलं तर डोंगर, पुढे बघितलं तर प्लंबर. एका वेळी एकच.

"सूज आहे तोवर दाढ काढता येणार नाही," ते म्हणाले. "गोळ्या देतो. तीन-चार दिवस."

प्लंबर उठू लागला.

"थांबा. ही खुर्ची जमिनीला बोल्टने बसवलीय. पाण्याची लाइन खालून आलीय. फिरवता येईल?"

प्लंबर एका हाताने गाल धरून गुडघ्यावर बसला आणि त्याने खाली पाहिलं. मग बोट हवेत फिरवून विचारलं, कुठल्या बाजूला?

"पेशंट भिंतीकडे. मी खिडकीकडे."

पहिला पेशंट आपणच आहोत हे प्लंबरच्या लक्षात आलं. "मग मला काय दिसणार?" तो कसाबसा म्हणाला.

"भिंत."

"आणि नाही फिरवली तर?"

"दरीत दुसरे डॉक्टर आहेत. बस सकाळी सुटते."

सूज उतरायच्या आत खुर्ची फिरली. दाढ एका दमात निघाली आणि प्लंबरने ती खिशात घालून नेली. गावात थोडी कुरकुर झाली. लोकांचं म्हणणं, देखावा गावाचा आहे, बघणार बाहेरचा माणूस. पण हे सगळं बेकरीत. खुर्चीत बसल्यावर कुणी काही म्हटलं नाही. तिथे तोंड दुसऱ्या कामात असतं.

महिन्याभराने वहिनींची दाढ पक्की भरायची वेळ आली. त्या हौसेने खुर्चीत रेलल्या आणि समोर पांढरी भिंत पाहून थांबल्या.

"अहो, डोंगर कुठे गेला?"

"आहे तिथेच आहे. मोठा आ कर."

वहिनींनी आ केला. डॉक्टरांनी दाढेशी कापूस ठेवला, मान वर केली आणि बराच वेळ लांब बघत राहिले. वहिनी तोंड उघडं ठेवून थांबल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.